आपल्या गावचा फंक बँड परदेशात गाजतो तेव्हा

एखाद्या शहरात फंक, म्हणजे बेस आणि तालावर उभं असलेलं नाचायचं संगीत, आणि हिप हॉप वाजवणारा बँड असतो. वर्षानुवर्षं एका छोट्या हॉलमध्ये पन्नासेक माणसांसमोर वाजवत असतो, त्यातली निम्मी ओळखीचीच. मग एक दिवस त्यांचा व्हिडिओ येतो. दुसऱ्या खंडातला हॉल, खचाखच गर्दी, आणि पुढे उभी असलेली पोरं त्यांच्या गाण्याच्या ओळी त्यांच्याबरोबर म्हणतायत. त्यानंतर त्याच शहरातले लोक विचारायला लागतात, 'अरे, हे आपल्या इथले? मग आपण कधी ऐकलं कसं नाही?'

हा प्रश्न ऐकला की मला फार वाईट वाटतं. ते वाजवत होतेच. लोक गेले नाहीत.

यावर दोन उत्तरं ठरलेली असतात. एक, 'नशीब लागलं, व्हिडिओ चालला.' दुसरं, 'पिकतं तिथं विकत नाही, जगाची रीतच आहे.' मला दोन्ही पटत नाहीत. बाहेरचा श्रोता आभाळातून पडत नाही. कोणीतरी ते संगीत उचलून तिथवर नेलेलं असतं. आणि इथे विकलं जात नाही, याला जगाची रीत म्हणून सोडून देणं म्हणजे जबाबदारी झटकणं आहे.

सिमांडे या बँडची गोष्ट मी भेटेल त्याला सांगत असते, आज इथेही सांगते. १९७१, लंडन. गयाना, जमैका, सेंट व्हिन्सेंट अशा कॅरिबियन देशांत मुळं असलेली ही तरुण मंडळी. बेसवर स्टीव्ह स्किपिओ, गिटारवर पॅट्रिक पॅटरसन. फंक आणि सोल या काळ्या अमेरिकन संगीतात त्यांनी कॅलिप्सो हे कॅरिबियन लोकसंगीत मिसळलं, जमैकातल्या रास्ताफारी पंथाच्या ढोलांची संथ लय मिसळली आणि त्या मिश्रणाला स्वतःच 'न्या-रॉक' असं नाव दिलं. १९७२ मध्ये पहिला अल्बम आला. 'द मेसेज' हे त्यातलं गाणं १९७३ मध्ये अमेरिकेत बिलबोर्डच्या हॉट १०० यादीत ४८ व्या क्रमांकापर्यंत गेलं. अमेरिकन सोल गायक अल ग्रीनबरोबर दौरा झाला, न्यूयॉर्कमधल्या हार्लेमच्या अपोलो थिएटरमध्ये ते वाजवून आले. काळ्या अमेरिकन संगीताची ती पंढरी. तिथे टाळ्या घेऊन हा बँड लंडनला परतला, आणि घरी काय? ब्रिटनमध्ये त्यांना फारसं कोणी विचारलं नाही. १९७४ च्या तिसऱ्या अल्बमनंतर त्यांनी वाद्यं खाली ठेवली. स्किपिओ आणि पॅटरसन पुढे वकील झाले.

बँड बंद पडला, रेकॉर्ड मात्र फिरत राहिली. न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समध्ये तेव्हा हिप हॉप जन्माला येत होतं. ११ ऑगस्ट १९७३ ला सेजविक अव्हेन्यूवरच्या १५२० नंबरच्या इमारतीत कूल हर्क या डीजेने वाजवलेली पार्टी ही त्याची जन्मतारीख मानतात. हर्कही मूळचा जमैकाचाच. त्याची युक्ती अशी की एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती घ्यायच्या, गाणं फक्त तालवाद्यांवर येतं तो तुकडा, म्हणजे ब्रेक, एका तबकडीवर संपला की दुसरीवर सुरू करायचा, आणि पहिली हाताने मागे फिरवून ठेवायची. काही सेकंदांचा तुकडा हवा तेवढा लांबतो आणि त्यावर पोरं नाचतात. सिमांडेचं 'ब्रा' हे गाणं या कामासाठी देखणं होतं. मध्यावर बाकीचे सगळे बाजूला होतात, बेस एकटा तीच ओळ घोळवत राहतो आणि ताल हळूहळू त्याच्याभोवती जमा होतो. हेडफोन लावून फक्त तेवढा भाग ऐका. बेसचा प्रत्येक स्वर जरासा उशिरा पडतो, आणि तो उशीर इतका पक्का आहे की पाय आपोआप हलतो.

पुढे डे ला सोल या हिप हॉप गटाने १९८९ मध्ये 'ब्रा'चा तुकडा आपल्या गाण्यात वापरला. फ्यूजीज या गटाने १९९६ च्या 'द स्कोअर' अल्बममध्ये सिमांडेचंच 'डव्ह' वापरलं. सिमांडेचं नाव माहीत नसलेल्या पिढ्या त्यांच्याच संगीतावर वाढल्या. शेवटी बँड पुन्हा एकत्र आला आणि २०२५ मध्ये नवा अल्बमही काढला. वकिली करून आलेली माणसं पुन्हा स्टेजवर! मला याचा अपार आनंद आहे. पण मधली वर्षं त्यांना कोण परत देणार? त्या वर्षांत ते काय वाजवू शकले असते, हे आता कुणालाच कधी ऐकायला मिळणार नाही.

असंच आणखी एक उदाहरण. स्कॉटलंडच्या ॲव्हरेज व्हाइट बँडचं 'पिक अप द पीसेस' हे फंक गाणं १९७४ मध्ये ब्रिटनमध्ये आलं तेव्हा कुणी दखल घेतली नाही. फेब्रुवारी १९७५ मध्ये ते अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं आणि मग ब्रिटनलाही ते आवडायला लागलं. रेकॉर्ड तीच, सॅक्सोफोनची फुंकर तीच. बदललं एवढंच की दुसऱ्या कुणीतरी आधी मान डोलावली होती. स्वतःच्या कानांवर भरवसा नसणं याहून वेगळं काय असतं, सांगा.

आणि कधी कधी उचलून नेणारा बँड स्वतःच असतो. फिलाडेल्फियाचे द रूट्स रस्त्यावर उभं राहून वाजवायचे. रॅपच्या मागे टेपऐवजी खरे ड्रम्स, खरा बेस. १९९३ मध्ये युरोपात वाजवायचं ठरलं, तेव्हा तिथे विकायला हातात काहीतरी हवं म्हणून त्यांनी 'ऑरगॅनिक्स' हा अल्बम स्वतःच केला. पुढे काही काळ लंडनमध्ये मुक्काम ठोकून तिथले हॉल वाजवले. अमेरिकेतल्या मोठ्या कंपनीचा अल्बम आला तो त्यानंतर, १९९५ मध्ये. 'परदेशात गाजले' या दोन शब्दांत केवढी वणवण असते ती ही.

आता मला सगळ्यात कळकळीने सांगायचं ते. असा बँड परदेशात घडत नाही. तो तालमीच्या खोलीत आणि घरच्या छोट्या हॉलमध्ये घडतो. अशा एका तालमीला मी कोपऱ्यात बसून होते. तासभर फक्त चार बार, म्हणजे तालाची चार आवर्तनं, चालले होते. ड्रमर बेसवाल्याला एवढंच म्हणत होता, 'घाई करू नकोस, माझ्या किकवर, पायाने वाजवतो त्या ड्रमच्या ठोक्यावर, बस.' रॅपर प्रत्येक फेरीत श्वास वेगळ्या जागी घेऊन बघत होता, कारण ट्रम्पेटचा फटका आणि त्याचा श्वास एकाच जागी येत होता. कुणीतरी एका फेरीत दोन स्वर गाळले आणि अचानक सगळं बसलं. सगळे वाजवता वाजवता हसले. तो क्षण कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये तयार होत नाही. त्यासाठी तीच माणसं, तीच खोली आणि पुन्हा पुन्हा लोकांसमोर उभं राहणं लागतं. न्यूझीलंडच्या फॅट फ्रेडीज ड्रॉप या बँडने २००१ मध्ये काढलेला पहिला अल्बम वेलिंग्टनच्या मॅटरहॉर्न या बारमध्ये वाजवलेल्या मैफलीचं ध्वनिमुद्रण होता. बर्लिनच्या सोनार कोलेक्टिव्ह या लेबलने त्यांना युरोपात नेलं ते नंतर. आधी बार, मग बर्लिन.

लोकांना वाटतं बाहेर दौरा केला म्हणजे पैसा आला. फंक बँडमध्ये सात-आठ माणसं असतात. तेवढी तिकिटं, तेवढे व्हिसा, तेवढ्यांची राहायची सोय. ट्रॉम्बोन आणि कीबोर्डचं जादा सामान. बऱ्याच देशांत वाद्यं नेताना एटीए कार्नेट लागतं, म्हणजे सीमाशुल्काचं कागदपत्र, त्यात एकेक वस्तू सिरियल नंबरसकट लिहायची आणि परत येताना तीच दाखवायची. लॅपटॉप घेऊन एकटा जाणारा डीजे आणि हा तांडा यांचं गणित एक कसं असेल? पहिल्या दौऱ्यात खर्च निघाला तरी बँड खूश असतो. बऱ्याचदा हॉलबाहेरच्या टेबलावर विकलेल्या टीशर्ट आणि रेकॉर्डवर पुढच्या गावचं भाडं निघतं.

बाहेर जायचं तर इंग्रजीत रॅप करा, स्थानिक ताल कमी करा, असा सल्ला बँडना हमखास मिळतो. मला हा सल्ला साफ चुकीचा वाटतो. ओरिशास हा क्यूबन मंडळींचा गट पॅरिसमध्ये उभा राहिला, १९९९ च्या अल्बममध्ये स्पॅनिशमध्येच रॅप केलं, मागे सोन हा क्यूबाचा पारंपरिक संगीतप्रकार वाजत ठेवला, आणि एका गाण्याच्या नावात चक्क ५३७ घातलं. ५३ हा क्यूबाचा फोन कोड, ७ हवानाचा. युरोपने त्यांना डोक्यावर घेतलं. श्रोत्याला शब्द कळले नाहीत तरी माणूस कुठून बोलतोय हे कळतं. सिमांडेमधून कॅरिबियन ढोल काढून टाकले असते तर ब्रॉन्क्सच्या पोरांनी ती रेकॉर्ड कशाला उचलली असती?

इंटरनेटबद्दल मला तक्रार नाही. आपलं गाणं कुठल्या शहरात ऐकलं जातंय हे आज बँडला घरबसल्या दिसतं, द रूट्सना ते दिसत नव्हतं. पण आकडा दिसला म्हणून हॉल मिळत नाही. त्या शहरात एखादा हॉलवाला, एखादा रेडिओवाला, रेकॉर्डच्या दुकानातलं एखादं वेडं माणूस 'या, मी करतो सोय' म्हणणारं लागतंच.

कार्यक्रम ठरवणाऱ्यांनाही माझं मागणं आहे. महोत्सवात घरच्या बँडला भर दुपारी, रिकाम्या खुर्च्यांसमोर उभं करू नका. आठ माणसांच्या बँडला साउंडचेकशिवाय, म्हणजे आधी आवाज जुळवून न बघता, स्टेजवर ढकललं की ट्रम्पेट कान फोडतो, रॅपरचा एक शब्द कळत नाही, आणि लोक घरी जाऊन म्हणतात, 'आपल्याकडचे असेच.' बाहेरून आलेल्या बँडला दोन तास साउंडचेक मिळतो, घरच्यांना वायर जोडायला दहा मिनिटं. तेच घरचे लोक बाहेर गेले की त्यांनाही तिथे व्यवस्थित साउंडचेक मिळतो, आणि मग व्हिडिओ बघून सगळे म्हणतात, 'तिकडे जाऊन किती सुधारले!' साउंडचेक द्या, संध्याकाळची वेळ द्या, ठरलेलं मानधन त्याच रात्री द्या. आणि ऐकणाऱ्यांनी तिकीट काढून जावं, फुकट पास मागू नये. ओळखीचा बँड असेल तर मुळीच मागू नये.