स्प्रेने आवाज गेला, पण प्ले (सांध्यातला ढिलेपणा) गेला का? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

नमस्कार, एवढी सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत त्याबद्दल आधी आभार. वैतागलेले दिसताय, पण मुद्दे दोनच आहेत. पहिला म्हणजे स्टेअरिंग कॉलमच्या, म्हणजे स्टेअरिंगपासून खाली जाणाऱ्या दांड्याच्या, आवाजावर मी उगाच पाल्हाळ लावलंय, तुम्ही पेडलच्या वर दिसणाऱ्या जॉइंटवर गंज सोडवायचा स्प्रे मारलात आणि खटखट दोन मिनिटांत बंद, दाराची बिजागरी कुरकुरली की तेल सोडतो तसंच हे. दुसरा, स्टेअरिंगला घरच्या घरी हात लावायला सांगणं हा बेजबाबदारपणा आहे. आता स्प्रे तुम्हीही घरीच मारलात ना? असो.

बिजागरी कुरकुरते ती कोरडी पडली म्हणून, तेल गेलं की गप्प होते, मान्य. पण तुम्हीच लिहिलंय की आवाज खटखट होता, खड्ड्यातून जाताना आणि स्टेअरिंग जरासं इकडेतिकडे केलं की. खटखट म्हणजे कुठेतरी फट पडलीय आणि लोखंड लोखंडावर आपटतंय. पेडलच्या वरच्या त्या युनिव्हर्सल जॉइंटमध्ये, म्हणजे दोन दांडे कोनात जोडणाऱ्या सांध्यात, गॅरेजवाले ज्याला क्रॉस म्हणतात त्यात, चारही टोकांना छोट्या वाट्या असतात, त्यात सुईसारखी बारीक बेअरिंग आणि ग्रीस, ते झिजलं की प्ले येतो. पातळ तेलाचा स्प्रे आत शिरला की फट थोडे दिवस तेलाने भरते, आपटणं मऊ होतं, आवाज दबतो, प्ले आहे तिथेच. वर त्याच स्प्रेमधलं सॉल्व्हंट उरलंसुरलं ग्रीस पातळ करून धुवून काढतं, त्यामुळे तो आवाज परत येतो तेव्हा बहुतेक वेळा आधीपेक्षा मोठाच येतो.

म्हणून मी आधी आवाज कुठला ते शोधा म्हणतो. एवढ्यासाठी काही उघडावं लागत नाही, फक्त दोन माणसं लागतात. गाडी सपाट जागी, हँडब्रेक ओढलेला, इंजिन बंद, चावी स्टेअरिंगचं लॉक सुटेल एवढीच फिरवलेली. एकाने सीटवर बसून स्टेअरिंग डावी-उजवीकडे अगदी थोडं, चाकं वळणार नाहीत इतपतच, हलवत राहायचं. दुसऱ्याने खाली वाकून जॉइंटच्या वरच्या योकवर (दोन फाट्यांचा तुकडा) एक बोट आणि खालच्या योकवर एक बोट नुसतं टेकवायचं, मध्ये सांध्यात घालायचं नाही, चिमटेल. जॉइंट चांगला असेल तर दोन्ही बोटांना एकदमच हालचाल कळते. झिजलेला असेल तर वरचा हलतो, खालचा एक क्षण मागे राहतो आणि मग बारीकसा टक्क असा धक्का लागतो. हे बोटांना जेवढं स्पष्ट कळतं तेवढं कानाला नाही, कारण कॉलम म्हणजे शेवटी लांब लोखंडी दांडाच, खाली रॅकमध्ये (चाकं वळवणारी दातेरी पट्टी) नाहीतर टाय रॉड एंडमध्ये (रॅकचा दांडा चाकाला जोडणारा सांधा) खटखट झाली तरी तो ती वर आणून डॅशबोर्डखाली ऐकवतो.

बाकीचे आवाज ओळखायला सोपे. स्टेअरिंग फिरवताना त्याच्याच मागे सरसर होतंय तर प्लास्टिकचं कव्हर घासतंय किंवा क्लॉक स्प्रिंग, म्हणजे हॉर्न आणि एअरबॅगच्या तारांची गुंडाळलेली पट्टी. पायापाशी फायरवॉलजवळ (इंजिन आणि केबिनमधला पत्रा) चीं चीं होत असेल तर दांड्याभोवतीचं रबरी बूट, तिथे सिलिकॉन ग्रीस लावा, साध्या ग्रीसने काही रबर फुगतं. जागेवर पूर्ण वळवताना स्प्रिंग सुटल्यासारखा टंग आवाज आला तर स्ट्रटच्या (पुढच्या चाकाचा स्प्रिंगसकट शॉक अॅब्सॉर्बर) वरचं बेअरिंग बघा, कॉलमचा काही संबंध नाही.

आता बेजबाबदारपणा. तपासणं वेगळं आणि खोलणं वेगळं, आणि टॉर्क रेंच (ठरलेल्या ताकदीने बोल्ट आवळायचा पाना) नसेल त्याने इंटरमीजिएट शाफ्टचा, म्हणजे कॉलम खाली रॅकला जोडणाऱ्या दांड्याचा, बोल्ट सोडूच नये असं माझं स्पष्ट मत आहे. तो बोल्ट शाफ्टच्या खाचेतून आडवा जातो, शाफ्ट पूर्ण आत बसला नाही आणि बोल्ट खाचेत न जाता नुसता घट्ट झाला तर वरून सगळं ठीक दिसतं आणि चालत्या गाडीत शाफ्ट निसटू शकतो. बऱ्याच गाड्यांना हा बोल्ट दर वेळी नवीनच लावायचा असतो, मॅन्युअल बघा. काढण्याआधी चाकं सरळ करून जॉइंट आणि शाफ्टवर रंगाची एकच रेघ मारायची, आणि स्टेअरिंग सीटबेल्टने बांधून ठेवायचं, कारण शाफ्ट सुटल्यावर ते मोकळं गरागरा फिरलं की आतली क्लॉक स्प्रिंगची पट्टी तुटते, मग हॉर्न बंद आणि एअरबॅगचा दिवा चालू. एअरबॅग या कामात कुठे मध्ये येतच नाही, तिला हात लावू नका.

तुम्हाला अख्खा कॉलम बदला म्हणून सांगितलंय, तर नुसता इंटरमीजिएट शाफ्ट वेगळा मिळतो का ते आधी विचारा, बऱ्याच गाड्यांना मिळतो. पण त्याआधी वरची बोटांची तपासणी करा. प्ले लागला किंवा स्टेअरिंग कुठे अडकल्यासारखं वाटलं तर आवाज गेलाय म्हणून चालवत राहू नका, दाखवून घ्या. जॉइंट घट्ट निघाला आणि तुमचं पॉवर स्टेअरिंग इलेक्ट्रिक असून मोटर कॉलमवरच असेल तर पुढचा संशय त्या मोटरच्या वर्म गिअरवर (स्क्रूसारखा गिअर आणि त्याने फिरणारं दातेरी चाक), त्यातलं प्लास्टिकचं चाक झिजलं की खडबडीत रस्त्यावर हुबेहूब अशीच खटखट येते आणि तिथपर्यंत तुमचा स्प्रे पोचलेलाच नसणार. काय निघतंय ते इथेच खाली लिहा, गाडीचं मॉडेलही लिहा.