चुंबकीय झटक्यांनी पार्किन्सन्स ‘मुळापासून’ जातो का?

सध्या फिरणारा दावा असा: डोक्याला रोज अर्धा तास चुंबकीय झटके (टीएमएस) द्या; शस्त्रक्रियेसारखाच गुण येतो, मेंदू नवे मार्ग तयार करतो, गोळ्या सुटतात. वर पुराव्यादाखल आधीचा आणि नंतरचा व्हिडिओ.

‘शस्त्रक्रियेसारखाच गुण.’ नाही. डीबीएस या शस्त्रक्रियेत इलेक्ट्रोड मेंदूत खोलवर, बहुधा हालचालींशी संबंधित सबथॅलॅमिक न्यूक्लियस या केंद्रात बसवतात आणि साधारण १३० हर्ट्झचे स्पंद दिवसरात्र चालू ठेवतात. टीएमएसच्या आठाच्या आकाराच्या कॉइलचा जोर दोन-तीन सेंटिमीटरवरच ओसरतो, म्हणजे मेंदूच्या वरच्या थरापाशी, कॉर्टेक्सपाशी. खोलवर जो परिणाम होतो तो आडवाटेने.

‘मेंदू नवे मार्ग तयार करतो.’ यात थोडे तथ्य आहे, आणि दावा फसतो तोही इथेच. मेंदूची अशी बदलण्याची क्षमता, म्हणजे प्लॅस्टिसिटी, तपासण्याची एक रीत अशी: मनगटाजवळच्या मीडियन नर्व्ह या नसेला विजेचा झटका, २५ मिलिसेकंदांनी मोटर कॉर्टेक्सवर (हालचालींचा हुकूम देणाऱ्या भागावर) टीएमएस. अशा जोड्या पुन्हापुन्हा दिल्या की निरोगी माणसात अंगठ्याच्या स्नायूचा प्रतिसाद काही काळ वाढलेला राहतो. गोळी न घेतलेल्या पार्किन्सन्सच्या रुग्णांत ही वाढ कमी पडते किंवा दिसतच नाही, असे अनेक प्रयोगांत आढळले. लेव्होडोपाने, म्हणजे मेंदूत डोपामिन या रसायनात बदलणाऱ्या नेहमीच्या गोळीने, ती परतते. डिस्कायनेशिया (औषधाने होणाऱ्या अनावर हालचाली) असलेल्यांत मात्र सहसा नाही. म्हणजे ज्या प्लॅस्टिसिटीच्या भरवशावर गोळ्या सोडायला सांगतात, तिलाच डोपामिन लागते! डोपामिन बनवणाऱ्या मेलेल्या पेशी तर प्लॅस्टिसिटीने परत येत नाहीतच.

व्हिडिओचे म्हणाल, तर शेवटची गोळी कधी घेतली हे त्यात कोण सांगतो? ‘ऑफ’मध्ये, म्हणजे गोळीचा परिणाम ओसरलेला असताना, पाय अडखळणारा माणूस गोळी लागू पडली की तासाभरात नीट चालतो. खरी तुलना करायची तर दोन्ही वेळा रात्रभर, निदान १२ तास लेव्होडोपा थांबवून, तेही डॉक्टरांच्या देखरेखीखाली, यूपीडीआरएस या पार्किन्सन्सच्या मोजपट्टीचा तिसरा भाग, म्हणजे हालचालींचे गुण, मोजावा लागतो. बनावट कॉइलचा गटही हवाच, कारण या आजारात नुसत्या अपेक्षेनेही मेंदूतल्या स्ट्रायटम या भागात डोपामिन स्रवते; पेट स्कॅनवर ते दिसले आहे.

‘गोळ्या सुटतात.’ सर्वांत घातक वाक्य हे. लेव्होडोपा एकाएकी तोडले तर तीव्र ताप, अंग लाकडासारखे ताठ, भान हरपणे, अशी जिवावर बेतणारी अवस्था येऊ शकते. डीबीएसनंतरही मात्रा टप्प्याटप्प्यानेच कमी करतात. ती शून्यावर क्वचितच येते.

पूरक उपचार म्हणून मोटर कॉर्टेक्सवरच्या १० हर्ट्झच्या टीएमएसने काहींच्या हालचालींत माफक सुधारणा होते. त्याआधी फिट येण्याचा इतिहास, डोक्यातला धातू आणि डीबीएस यंत्र यांची माहिती द्यावीच लागते: कॉइलमुळे यंत्राच्या तारांत नको तो प्रवाह निर्माण होऊ शकतो.