‘आजारी मासे गळ्यात मारले’ या रिव्ह्यूला आमचं उत्तर
नमस्कार ताई,

तुमचा रिव्ह्यू वाचला. दोन फुटी टाकी, झाडं आणि १२ निऑन टेट्रा आमच्याकडून एकाच दिवशी नेलेत, चौथ्या सकाळी ९ मेलेले दिसले आणि आम्ही आजारी मासे गळ्यात मारले, असं तुम्ही लिहिलंत. मुलगी त्या दिवशी जेवलीसुद्धा नाही, हे वाचून फार वाईट वाटलं.

मासे आजारी नव्हते. त्याच लॉटमधले बाकीचे आजही आमच्या टाकीत ठणठणीत आहेत. पण म्हणून दोष तुमच्याकडे जात नाही. तो आमचाच आहे.

नव्या टाकीबरोबर त्याच दिवशी मासे द्यायलाच नको होते. माशांच्या शरीरातून आणि न खाल्लेल्या दाण्यांतून पाण्यात अमोनिया साठतो. त्याचं आधी नायट्राइट आणि मग बरंच कमी घातक नायट्रेट करणारे जिवाणू फिल्टरच्या स्पंजात आणि रेतीत वाढतात. ते पुरेसे व्हायला साधारण ४ ते ६ आठवडे लागतात. त्यात तुम्ही टाकी बोअरच्या पाण्याने भरलीत. आपलं बोअरचं पाणी जड, म्हणजे क्षारांचं, आणि पीएच (पाणी किती आम्ल की अल्कधर्मी हे सांगणारा आकडा) चढा. पीएच आणि उष्णता वाढली की तेवढाच अमोनिया जास्त विषारी होतो, आणि एप्रिलमध्ये सोलापूरचा पारा चाळिशी ओलांडतो. निऑन हा अ‍ॅमेझॉन खोऱ्यातल्या मऊ पाण्यातला मासा, २२ ते २६ अंशांत रमणारा. पाणी कुठलं भरणार, टाकी कुठे ठेवणार, हे आम्ही आधी विचारायला हवं होतं.

आमच्या काउंटरवरच्या मुलाने तुम्हाला सांगितलं, ‘झाडं आहेत ना, मग रात्री पंप बंद ठेवला तरी चालेल.’ हे साफ चूक आहे आणि मला सगळ्यात जास्त हेच लागलं. झाडं प्राणवायू सोडतात ती उजेडात. अंधारात तीही माशांसारखीच प्राणवायू घेतात. गरम पाण्यात तो मुळातच कमी विरघळतो, म्हणून पहाटे सगळ्यात कमी उरतो. तुम्हाला मासे सकाळीच मेलेले दिसले, यात त्याचाही हात असणार. त्या मुलाला मी समोर बसवून हे समजावलंय.

उरलेल्या तिघांसाठी आजच एवढं करा. एअर पंप रात्रंदिवस चालू. रोज चौथा हिस्सा पाणी बदला, तेही नळाचं, एक दिवस उघड्या बादलीत ठेवलेलं. आपल्याकडे नळ रोज येत नाही, तेव्हा आलं की भरूनच ठेवा. पाणी आल्या आल्या टाकीत ओतू नका, त्यात क्लोरीन असतो. दाणे दिवसाआड, चिमूटभर. झाकण काढून जाळी टाका आणि पाण्यावर छोटा पंखा लावा. आपल्या कोरड्या हवेत त्याने २-३ अंश सहज उतरतात. बर्फ मात्र टाकू नका. पंख्याने आटलेलं पाणी आरओच्या पाण्याने भरा, नाहीतर क्षार वाढत जातील.

बाराही माशांचे पैसे परत. येताना धुतलेल्या बाटलीत टाकीचं पाणी आणा, इथेच तपासून देतो, आणि आमच्या जुन्या फिल्टरचा स्पंजही देतो, म्हणजे जिवाणू लवकर वाढतील. अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर आल्याशिवाय नवा मासा देणार नाही. निऑन कळपात राहणारा आहे, तिघं बुजून राहतील. पण जोडीदार ऊन उतरल्यावर, जूनमध्ये घ्या. मुलीला तोवर काही हवंच असेल, तर पाणी नीट झाल्यावर हनी गुरामीची एक जोडी चालेल. तो बंगाल-आसामकडचा शांत मासा आहे, आपल्या उन्हाळ्यात निऑनपेक्षा बरा टिकतो.