मनाला लावून घ्यायचंच तर नीट घ्या

हल्ली काही बोलायची सोयच राहिली नाही असं तुम्हाला वाटतं ना? वाटणारच. मलाही वाटतं, आमच्या बिल्डिंगमध्ये पहिल्या मजल्यापासून सातव्यापर्यंत सगळ्यांना वाटतं, आणि जो तो हे वाक्य अशा सुरात म्हणतो की जणू त्याला स्वतःला जन्मात कधी काही लागलंच नाही. तर म्हटलं आपणच जरा मार्गदर्शन करावं, कारण लोकांना लागतं खूप पण नीट लावून घेता येत नाही.

आधी एक उदाहरण घ्या. यंदा गणपतीत आमच्या नात्यातल्या एक काकू आल्या आणि चप्पल काढता काढता चोवीस वर्षांच्या पुतणीला म्हणाल्या, "अगं बाई, किती सुटलीस!" ती म्हणाली, "काकू, प्लीज माझ्या वजनावर नका ना बोलू." बास, एवढंच. आवाजसुद्धा चढवला नाही, हातात मोदकांचं ताट होतं, ते तसंच पुढे केलं. काकूंनी मोदक घेतला नाही. "हल्लीच्या पोरांना काही बोललं की लगेच लागतं बाई," म्हणाल्या आणि ज्या गेल्या त्या गेल्या, दिवाळीत आम्ही पाठवलेला फराळाचा डबा परत आला तो रिकामा. आता मराठी घरातून डबा रिकामा परत येणं म्हणजे काय ते मी समजावून सांगायला नको, अगदीच काही नसलं तर लोक चिमूटभर साखर घालतात. तर लागलं कोणाला ते तुम्हीच ठरवा. काकूंचं तंत्र मात्र शिकण्यासारखं आहे: लागायचं आपल्याला, आणि नाजूक म्हणायचं समोरच्याला.

'आमच्या वेळी' हे दोन शब्द कायम हाताशी ठेवा. आमच्या वेळी लोक मनमोकळे होते, थट्टामस्करी चालायची, कोणी मनावर घ्यायचं नाही वगैरे. फक्त हे म्हणताना आसपास नात्यातलं कोणी म्हातारं माणूस नाही ना ते बघून घ्या, कारण त्यांना सगळं आठवत असतं. माझ्या मामाचं लग्न १९८६ साली दादरच्या एका हॉलमध्ये झालं. पत्रिकेच्या तळाशी पद्धतीप्रमाणे 'आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं!' अशी ओळ आणि त्याखाली आम्हा सगळ्या भाचरांची नावं. त्यात मधल्या मावशीच्या दीड महिन्याच्या बाळाचं नाव राहिलं. ज्याला अजून मान धरता येत नव्हती त्याचा मान राहिला! मावशी लग्नाला आली, अक्षता टाकल्या आणि न जेवता लोकल पकडून तडक डोंबिवलीला गेली, पुढे सोळा वर्षं मामाकडे पाण्याचा घोट घेतला नाही. त्या बाळाला आता टक्कल पडलंय, ठाण्याला असतो, मामाकडे नेहमी येतो जातो, आणि हे प्रकरण त्याला कळलं मागच्या वर्षी. "मग मला वाईट वाटून घ्यायचं होतं का?" म्हणाला. बिनडोक पिढी.

विहिणीच्या साडीचे काठ, पहिली पंगत कोणाची, आहेराच्या पाकिटात किती, यावर तेव्हा घरंच्या घरं तुटायची. जावयाचा रुसवा तर धरूनच चालायचे, त्यासाठी वेगळा वेळ काढलेला असायचा. पण ते सेन्सिटिव्ह नव्हते हं, तो मानपान होता.

आता पद्धत. लागलं की लगेच बोलून टाकणं हा हल्लीच्या मुलांचा फार मोठा दोष आहे. त्या पुतणीने काय केलं, जे आवडलं नाही ते एका वाक्यात सांगितलं आणि मोदक पुढे केला, म्हणजे चार सेकंदांत विषय खलास. यात काय मजा? खानदानी पद्धत अशी, की समोरच्याने "काय झालं?" विचारल्यावर "कुठे काय, काही नाही" म्हणायचं आणि हातातलं पातेलं ओट्यावर जरा जास्तच जोरात ठेवायचं. त्याने परत विचारलं तर "मी कोण सांगणारी!" तिसऱ्यांदा विचारलं तर "तुम्हाला नाही कळायचं." चौथ्यांदा तो विचारणार नाही, आणि मग तेच खरं कारण धरायचं, की बघा, साधं विचारलंसुद्धा नाही.

त्यात व्हॉट्सअ‍ॅपने फार सोय करून दिली. २०१४ च्या नोव्हेंबरात निळ्या टिका आल्या, त्याआधी माणसाने मेसेज वाचलाय की नाही हे नक्की कळायचं नाही, उगाच संशयाचा फायदा द्यावा लागायचा. आता पुरावाच हातात. निळं झालं आणि उत्तर नाही म्हणजे सरळ सरळ अपमान, मग तो माणूस त्या वेळी कुर्ल्याला गाडी बदलताना जिन्यावर चेंगरत का असेना. पण २०२२ मध्ये त्यांनी एक घोळ घातला, ग्रुप सोडला की फक्त अ‍ॅडमिनला कळणार, बाकी कोणाला नाही. अहो मग सोडायचा कशाला? म्हणून आधी एक निरोपाचा मेसेज टाकत चला, 'मी हा ग्रुप सोडत आहे, कोणाचे मन दुखावले असल्यास क्षमस्व', म्हणजे आपलं दुखावलंय हे बरोबर पोचतं. मग बाहेर पडून वाट बघायची. आमच्या सोसायटीच्या ग्रुपमधून एक गृहस्थ पार्किंगवरून आतापर्यंत तीनदा बाहेर पडलेत आणि चारदा परत आत आलेत. हिशोब जुळत नाही, पण विचारायची हिंमत कोणाला नाही, त्यांना लागेल.

तरुण मंडळी यात मागे आहेत असं मुळीच नाही. आमच्या ऑफिसातल्या एका मुलाला न विचारता फोन केला की त्रास होतो, आधी मेसेज करायचा, 'कॉल करू का?', आणि नुसतं 'ओके' लिहून पुढे टिंब दिलं तर मॅडम चिडल्यात असं धरून तो दुपारभर माझ्या डेस्ककडे फिरकत नाही. मी आयुष्यभर वाक्य संपलं की टिंब देत आलेय हो, शाळेत नाही दिलं तर मार्क कापायचे. आता देत नाही, वाक्य तसंच लोंबकळत सोडते, न जाणो कोणाला टोचेल.

ज्यांचं घरगुती पातळीवर समाधान होत नाही त्यांच्यासाठी सरकारदरबारी व्यवस्था आहे. धार्मिक भावना दुखावण्याचं २९५अ हे कलम इंग्रजांनी १९२७ मध्ये पीनल कोडात घातलं, जुलै २०२४ पासून तेच भारतीय न्याय संहितेत २९९ म्हणून आलंय. इंग्रज गेले, पीनल कोडही गेलं, भावना तेवढ्या नंबर बदलून राहिल्या. मधे काही वर्षं तर सुवर्णकाळ होता, माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं ६६अ. कोणाला त्रास किंवा गैरसोय व्हावी म्हणून नुसता ईमेल पाठवला तरी तीन वर्षांपर्यंत कैद! २०१२ च्या नोव्हेंबरात, एका मोठ्या नेत्याच्या निधनानंतर मुंबई बंद होती तेव्हा, पालघरच्या एका मुलीने त्या बंदबद्दल फेसबुकवर लिहिलं आणि तिच्या मैत्रिणीने ते फक्त लाईक केलं, तर दोघींना अटक. लाईक केल्यानेसुद्धा लागू शकतं हे आपल्या पश्चिम रेल्वेच्या लाइनीवरच्या गावाने अख्ख्या देशाला शिकवलं. सुप्रीम कोर्टाने २४ मार्च २०१५ ला ते कलमच रद्द केलं, कोर्टाला आपली कदर नाही.

गैरसोयीवरून आठवलं. 'प्रवाशांना होणाऱ्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत' हे आपण रोज ऐकतो, कोणाला लागतं का? पावसात ट्रॅकवर पाणी, गाडी शीवला उभी, काखेत कोणाचं तरी डोकं, पायावर कोणाचा तरी पाय, आणि आपण शांत. लागतं कशाने, तर बाजूची बाई "जरा सरका" असं म्हणाली, 'प्लीज' म्हणाली नाही, त्याने.

म्हणजेच कोणाचं लावून घ्यायचं हे बघून लावून घ्यावं. मीटिंगमध्ये साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, "मॅडम, हे तुमच्या लक्षात यायला जरा वेळ लागेल", तर हसायचं, आणि जरा मोठ्यानेच हसायचं. बिल्डरने पझेशन चौथ्यांदा पुढे ढकललं तर त्याला दसऱ्याच्या शुभेच्छा पाठवायच्या. हे सगळं गिळून घरी यायचं, आणि गेटवरचा वॉचमन आपल्याला बघून खुर्चीतून उठला नाही की तिथे लागू द्यायचं, अगदी आतवर. किंवा घरकाम करणाऱ्या बाई म्हणाल्या, "ताई, उद्या येणार नाही", विचारलं नाही, सांगितलं! इथे आठवडाभर दुखावलेलं राहता येतं आणि खर्च काही नाही. त्यांनाही लागतं का हा प्रश्न काढू नका. काही बिल्डिंगांमध्ये त्यांच्यासाठी लिफ्ट वेगळी असते, तिच्यावर आधी 'नोकर' असं लिहिलेलं असायचं, ते वाईट दिसतं म्हणून आता 'हाऊसहेल्प' लिहितात. शब्द बदलला, झालं की, अजून काय पाहिजे? लिफ्ट तीच आहे.

आता तुम्ही म्हणाल, ही बाई फार शहाणपणा शिकवतेय. तर ऐका. मागच्या महिन्यात सकाळची ठाण्याहून आलेली स्लो गाडी, लेडीज सेकंड क्लास, मी मुलुंडला चढले. घाटकोपरला मेट्रोवाल्यांचा लोंढा उतरला तेव्हा मला चौथी सीट मिळाली, म्हणजे सीट कसली, बाकाच्या टोकाला टेकायला मिळालं, मग कुर्ल्याला आत सरकून नीट बसले. तेवढ्यात एक मुलगी, वीस-बावीसची, सॅक पोटाशी धरलेली, माझ्याकडे वाकून म्हणाली, "काकू, कुठे?"

लेडीज डब्यात 'कुठे' हा एक शब्द म्हणजे अख्खा अर्ज असतो, की तुम्ही कुठे उतरणार, तुमची सीट आधी कोणी मागितलीय का, नसेल तर मला द्या. मी दादरला उतरणार होते. पण काकू? रविवारी साडेतीन तास बसून केस रंगवून घेतले होते मी!

"सीएसटी," मी म्हणाले.

"थँक्यू काकू," म्हणून ती दुसऱ्या बाईकडे वळली, तिथेही नंबर लागला नाही, मग माझ्यासमोरच कडीला लटकून उभी राहिली. दादर आलं. सगळा डबा उठला, मी उठणार कशी? पर्समध्ये काहीतरी शोधत बसले. परळ गेलं, करी रोड, चिंचपोकळी. भायखळ्याला बाजूची उतरली आणि ही पोर नेमकी माझ्या शेजारी येऊन बसली, माझ्याकडे बघत म्हणाली, "काकू, तुम्हाला बरं वाटत नाहीये का? पाणी देऊ?" घेतलं पाणी. काय करणार, घशाला कोरड पडली होती.

सीएसएमटीला उतरलो तर तिने वळून हातसुद्धा केला, "बाय काकू!" ती दिसेनाशी होईपर्यंत मी बुक स्टॉलपाशी मासिकं चाळत उभी राहिले आणि मग उलटी गाडी पकडून दादरला आले. ऑफिसला पोचायला पावणेअकरा, लेट मार्क, साहेब घड्याळाकडे बघून काहीतरी विनोद करणार हे ठरलेलं, आणि मी हसणार हेही.

त्यात गेटवरचा वॉचमन खुर्चीतून उठलासुद्धा नाही.