लिंबू-मिरची आणि ७७ गिगाहर्ट्झ

गाडीला अ‍ॅडॅप्टिव्ह क्रूझ कंट्रोल (पुढच्या गाडीशी अंतर राखून वेग आपोआप कमी-जास्त करणारी सोय) आहे हे इंदुरात दोनदा गावभर होतं. गाडी नवी असते तेव्हा, कारण मालक ते ऐकवल्याशिवाय पाहुण्याला पोह्यांवर शेव घालू देत नाही. आणि ते बंद पडतं तेव्हा, कारण रामबागेपासून राजेंद्रनगरपर्यंत प्रत्येक काकांकडे त्यावर एकेक उपाय तयार असतो. डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागतो, 'रडार तपासा' अशी ओळ उमटते आणि गॅरेजवाला बॉनेटही न उघडता निकाल देऊन मोकळा होतो: "सेन्सर उड गया, भिया. नया डलेगा."

नव्याची किंमत पाच आकडी. माझं म्हणणं एवढंच, की निकाल लागला तरी फाशीची तारीख लगेच ठरवू नये. बहुतेक वेळा इथे संन्याशाला सुळी दिली जाते आणि चोर बंपरवर लटकत असतो.

हा संन्यासी म्हणजे रडार सेन्सरची तळहाताएवढी काळी डबी. खालच्या ग्रिलमागे किंवा कंपनीच्या लोगोमागे बसते आणि ७६ ते ७७ गिगाहर्ट्झच्या लहरी सोडते. त्या लहरींची लांबी जेमतेम ४ मिलिमीटर. पुढच्या वाहनावर आपटून त्या परत येतात, त्यावरून अंतर आणि वेग कळतो. साध्या प्लास्टिकमधून त्या आरपार जातात. धातू आणि पाणी यांच्यापुढे मात्र त्यांची मात्रा चालत नाही. आता दसऱ्याला आपण गाडीच्या तोंडावर काय काय चढवतो ते आठवा. झेंडूचा ओला हार, त्यात चमचमती जरीची पट्टी, मधोमध लिंबू-मिरची. लिंबू म्हणजे पाण्याची पिशवी, जरी म्हणजे धातूचा मुलामा. दृष्ट लागू नये म्हणून एवढा बंदोबस्त, आणि त्यात गाडीचीच दृष्टी जाते. रंगपंचमीच्या गेरीला, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीला, राजवाड्याच्या आसपास गाडी लावली असेल तर ग्रिलवर सुकलेल्या रंगाचं पोतेरंच बसतं. ते मऊ कापड आणि साबणाच्या पाण्यानं पुसावं. प्रेशर वॉशरची धार जवळून त्या डबीवर मारू नये, पाणी कनेक्टरमध्ये शिरतं.

हौशी मंडळींची तऱ्हा याहून वरची. मूळ लोगो ओरखडला म्हणून बाजारातून लखलखीत क्रोमचा आणून चिकटवतात. रडार लोगोमागे असतं तेव्हा पुष्कळ गाड्यांत त्या लोगोची चकाकी मुद्दाम इतक्या विरळ थराची केलेली असते (बहुधा इंडियम नावाच्या धातूची) की लहरी त्यातून जातात. साधा क्रोम त्यांना भिंतीसारखा अडवतो. बंपरमागे रडार असेल आणि पेंटरनं पुटीचा जाड लेप देऊन वर मेटॅलिक रंगाचे हात मारले असतील, तरी तोच प्रकार. राहिला लोखंडी बंपर गार्ड. २०१७ मध्ये केंद्रानं राज्यांना कळवलं होतं की असले गार्ड बेकायदा आहेत. पण 'मजबुती'पुढे दिल्लीचं कोण ऐकतो?

समोर सगळं स्वच्छ असूनही दिवा लागत असेल तर गाडीच्या संगणकातून बिघाडाचा कोड वाचणारा स्कॅनर लावायला सांगावं, आणि तो कोड कागदावर घ्यावा. तोंडी कोडवर विश्वास ठेवू नये. 'अडथळा' असा कोड असेल तर वर सांगितलंच. 'यू ०२३५' असेल तर पुढच्या अंतरमापक सेन्सरशी संपर्क तुटलाय, एवढंच त्यातून कळतं. सेन्सर मेला असं तो कोड म्हणत नाही. फ्यूज, १२ व्होल्टचा पुरवठा, अर्थिंग, कनेक्टरमधल्या हिरव्या पडलेल्या पिना हे सगळं आधी बघायचं. बॅटरीची जोडणी काढून कॅनच्या (गाडीतले छोटे संगणक ज्यावरून एकमेकांशी बोलतात त्या जाळ्याच्या) दोन तारांमध्ये मीटर लावला की साधारण ६० ओहम यायला हवेत. १२० आले तर कुठेतरी एक टोक सुटलंय. शिवाय ब्रेक लाइटचा स्विच किंवा चाकाचा वेग मोजणारा सेन्सर बिघडला तरी क्रूझ बंद पडतं. हा स्विच स्वस्तातला असतो, म्हणून कुणी त्याच्यावर संशय घेत नाही.

खरोखर डबीच गेली असेल, तर बदलणं हे अर्ध्या तासाचं काम आणि दिवसभराचा वाद. बंपर उतरवताना क्लिपा तुटतातच; त्या आधीच आणून ठेवाव्यात, नाहीतर बंपर पुढे महिनाभर खडखडत आपली आठवण काढतो. कोनाचे समायोजन स्क्रू चुकून फिरवू नयेत, डबीचे स्क्रू वेगळे असतात. नवी डबी हातातून जमिनीवर पडली तर ती बसवूच नये. भंगारातली तर लांबच ठेवावी. दिसायला तीच, पण पार्ट नंबरची शेवटची अक्षरं वेगळी निघतात किंवा ती आधीच्या गाडीच्या चासी नंबराला बांधलेली असते. कोडिंग करताना, म्हणजे नवी डबी गाडीच्या संगणकाला ओळखायला लावताना, बॅटरीला सपोर्ट चार्जर जोडलेला हवा, मध्येच व्होल्टेज पडलं की काम अडतं.

आणि मग कॅलिब्रेशन, म्हणजे रडारची नजर नेमकी सरळ लावणं. बरेच गॅरेजवाले म्हणतात तसं "अपने आप हो जाएगा" हे काही गाड्यांत अंशतः खरं आहे, सगळ्यांत नाही. हिशेब साधा आहे. सेन्सर एक अंश तिरका बसला तर १०० मीटरवर नजर सुमारे पावणेदोन मीटर सरकते. आपल्या हायवेची लेन साडेतीन मीटरची, म्हणजे अर्धी लेन गेली. २०० मीटरवर पूर्ण. अशी गाडी शेजारच्या लेनमधल्या ट्रकसाठी ब्रेक मारते आणि समोरच्या ट्रककडे काणाडोळा करते.

म्हणून आधी व्हील अलाइनमेंट, कारण रडारची दिशा गाडी ज्या रेषेत चालते त्या रेषेवरून लावतात. टायरमध्ये हवा दाराच्या पट्टीवर लिहिल्याप्रमाणे. डिकी रिकामी, म्हणजे आत्यासाठी घेतलेली गव्हाची कट्टीसुद्धा बाहेर. फरशी सपाट. समोर तिकाटण्यावर धातूचा तिकोनी परावर्तक, कंपनीनं सांगितलेल्या अंतरावर आणि उंचीवर, लेसरनं जुळवलेला. त्याच्या मागेपुढे लोखंडी शटर, रॅक, लिफ्टचे खांब नकोत. आता इंदुरातलं असं गॅरेज दाखवा ज्यात लोखंड नाही! काही गाड्यांना हा सोहळा लागत नाही, त्यांना रस्त्यावर ठरावीक वेगानं पळवून शिकवतात. त्यासाठी बायपास उत्तम. पण अगदी निर्मनुष्य वेळ निवडू नये. पुढे गाड्या आणि कडेला धातूचे कठडे नसतील तर रडार शिकणार कशावरून? काम झालं की आधीचा आणि नंतरचा रिपोर्ट छापून मागावा. अपघाताचा क्लेम असेल तर कॅलिब्रेशनची ओळ एस्टिमेटमध्येच लिहून घ्यावी, नंतर सर्व्हेयर भुवया उंचावतो.

दुरुस्तीनंतर पहिली चक्कर देवासच्या दिशेनं मारा. रडार समोरच्याशी सभ्य अंतर ठेवतं, आणि आपल्याकडे सभ्य अंतर म्हणजे आमंत्रण. एक लोडिंग रिक्षा शिरते, गाडी मागे हटते. मग अ‍ॅक्टिव्हा, गाडी आणखी मागे. हा बिघाड नव्हे, याची तक्रार घेऊन परत गॅरेजमध्ये जाऊ नका. तक्रार करायचीच तर त्या ट्रॉलीची करा, जी रात्री लेनमध्ये दिवे न लावता उभी असते. वेगात असताना थांबलेल्या वाहनावर पुष्कळ रडारं भरवशानं ब्रेक लावत नाहीत. तिथे पाय आपलाच. मॅन्युअलमध्ये हे लिहिलेलं आहे. मॅन्युअल ग्लव्हबॉक्समध्ये, विम्याच्या कागदांखाली, अजून प्लास्टिकच्या पिशवीत सीलबंद आहे.