‘घरबसल्या संशोधन’ म्हणणाऱ्या वाचकमहाशयांना

मागच्या लेखात गोव्यातल्या ताळगावात एका घरी पाहिलेल्या स्पॅनिश डॉलरबद्दल, म्हणजे स्पेनच्या मोठ्या चांदीच्या नाण्याबद्दल लिहिले होते. स्पेनच्या चौथ्या चार्ल्सच्या मानेवर इंग्लंडच्या तिसऱ्या जॉर्जचे चिमुकले डोके ठोकलेले नाणे. त्यावर एक प्रतिक्रिया आली, ती जशीच्या तशी देतो: “घरबसल्या संशोधन छान जमले आहे. पण असले खोटे छाप त्या काळातच पैशाला पासरी होते. वजन नाही, कडेचा फोटो नाही, ते गोव्यात कसे आले याचा पुरावा नाही, आणि किमतीबद्दल तर अळीमिळी गुपचिळी.” खाली नाव नाही.

आधी ‘घरबसल्या’बद्दल. माझ्या आजोबांची फोंड्यात सोनारकामाची पेढी होती. कसोटीवर ओढलेली रेघ बघून कस सांगायला मी शाळेत असतानाच शिकलो. सराफांनी पारखताना मारलेले बारीक ठसे असलेले राणीछाप रुपये आमच्याकडे ढिगाने यायचे. आजही ते ‘लढाईतले दुर्मीळ नाणे’ म्हणून म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात भोळ्या गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारले जातात. सराफाचा ठसा कुठला आणि सरकारी छाप कुठला, हे मला पुस्तकातून वाचावे लागलेले नाही. मतभेद खुशाल असू द्या, पण ओळखदेख नसताना पहिल्याच वाक्यात टोमणा मारायची ही कुठली रीत?

आता ‘पैशाला पासरी’. महाशय, हे मीच लिहिले होते! लेखाचा तिसरा परिच्छेद वाचायची तसदी घेतली असती तर दिसले असते. पुन्हा सांगतो. फेब्रुवारी 1797 मध्ये फ्रेंच स्वारीच्या भीतीने लोक सोने काढायला धावले आणि बँक ऑफ इंग्लंडने नोटांच्या बदल्यात सोने देणे थांबवले. चांदीच्या नाण्यांचीही टंचाई होती. मग तिजोरीतल्या स्पॅनिश डॉलरवर जॉर्जचे अंडाकृती डोके ठोकून ते 4 शिलिंग 9 पेन्सना चालवले. हा ठसाही नवा नव्हता. चांदीच्या भांड्यांवर कर भरल्याची खूण म्हणून 1784 पासून जो मारत, त्याच प्रकारचा. चांदीचा भाव उतरला तेव्हा साधा डॉलर विकत घेऊन त्यावर खोटे डोके ठोकण्यात नफा सुटू लागला. नकला इतक्या झाल्या की त्याच वर्षी बँकेला ते डॉलर परत घ्यावे लागले. 1804 मध्ये अष्टकोनी छाप आणला, त्याचेही तेच झाले. शेवटी बर्मिंगहॅमजवळच्या मॅथ्यू बोल्टन या कारखानदाराच्या सोहो टाकसाळीत अख्खा डॉलरच नव्या ठशांखाली दाबून काढला.

म्हणजे खोटेपणा हा या नाण्याच्या चरित्राचाच भाग आहे. खऱ्या डॉलरवर खोटा छाप, खोट्या डॉलरवर खोटा छाप, असे दोन्ही प्रकार सापडतात, आणि 1797 सालचा लबाड आणि परवाचा लबाड यांत मी तरी फरक करतो. जुन्या लबाडाचा छाप नाण्याबरोबर झिजतो. नाणे गुळगुळीत आणि जॉर्जचे नाक मात्र टोकदार दिसले तर शंका घ्यावी. ठोसा बसला की मागच्या बाजूची नक्षी तेवढ्याच जागी दबते. ती दबलेली नसेल तर शंका घ्यावी. अंडाकृती छाप 1797 नंतरच्या सालाच्या डॉलरवर असेल तर शंका जास्तच घ्यावी. ताळगावच्या नाण्यावर 1794 साल आहे, मेक्सिको टाकसाळीची खूण आहे आणि मागची बाजू दबलेली आहे. हे सगळे लेखात होते.

कडेचा फोटो नाही, मान्य. द्यायला हवा होता, पुढच्या वेळी देईन. वजनाचे म्हणाल तर अस्सल डॉलर सुमारे 27 ग्रॅम भरतो, हे मलाही ठाऊक आहे. पण ज्यांच्या घरी चहा प्यायला गेलो त्या आजींच्या देवघरातल्या डब्यातले नाणे उचलून काट्यावर टाकायचे, हे मला जमत नाही. तुम्हाला जमत असेल.

गोव्यात कसे आले? नेपोलियनशी लढाया चालू असताना, 1799 ते 1813 या काळात, इंग्रजांची फौज गोव्यात तळ देऊन होती. त्यांची दफनभूमी दोनापावलाला आजही आहे, सवडीने बघून या. त्यांच्याबरोबर हे नाणे आले असणे ‘शक्य आहे’ एवढेच मी लिहिले होते. ‘सिद्ध झाले’ हे शब्द तुम्ही माझ्या तोंडी घालताय.

राहिली किंमत. ती मी मुद्दामच लिहिली नाही. लंडनच्या लिलावातला आकडा वाचून इथले लोक घरातला डबा घेऊन धावत सुटतात आणि पहिल्याच दलालाच्या हाती सापडतात. शंभर वर्षे पुरी झालेले नाणे 1972 च्या कायद्याने पुरावस्तू ठरते. ते खाजगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. मग तो परदेशी आकडा ताळगावच्या आजींच्या काय उपयोगाचा? तुम्हाला त्याची एवढी घाई का, हे मात्र मला खरोखर जाणून घ्यायला आवडेल. उत्तर द्याल तर नावानिशी द्या. निनावी प्रतिक्रिया यापुढे छापणार नाही.