खुलासा : फ्रेंच टेनिसपटू सुझान लेंग्लेन यांचे १९१४ मधील विजेतेपद

‘सुझान लेंग्लेन यांनी १९१४ मध्ये अवघ्या १५ व्या वर्षी फ्रेंच ओपन जिंकली आणि सर्वांत लहान विजेतीचा हा विक्रम आजही अबाधित आहे,’ असा संदेश सध्या फिरत आहे. त्यातील वर्ष आणि वय बरोबर आहे. स्पर्धा मात्र चुकीची आहे.

लेंग्लेन यांनी जिंकली ती पॅरिसजवळच्या सॅं-क्लू येथील, नावात ‘हार्ड कोर्ट’ असूनही लाल मातीवर खेळली जाणारी, १९१२ मध्ये सुरू झालेली आणि सर्व देशांच्या खेळाडूंना खुली असलेली ‘वर्ल्ड हार्ड कोर्ट चॅम्पियनशिप’. फ्रेंच क्लबांच्या सदस्यांपुरत्या मर्यादित असलेल्या राष्ट्रीय स्पर्धेत, म्हणजे आजच्या फ्रेंच ओपनच्या मूळ स्पर्धेत, त्याच वर्षी मार्गरित ब्रोकेदिस यांनी अंतिम सामन्यात लेंग्लेन यांना ५-७, ६-४, ६-३ असे हरवले होते, आणि १९१४ च्या विजेत्यांच्या यादीत ब्रोकेदिस यांचेच नाव आहे. महायुद्धामुळे खंडित झालेली जागतिक स्पर्धा १९२३ नंतर बंद पडली. फ्रेंच स्पर्धा परदेशी खेळाडूंना खुली झाली ती १९२५ मध्ये. संदेशातील विक्रम मोनिका सेलेस यांचा असून तो त्यांनी १९९० मध्ये, १६ व्या वर्षी केला. ब्रोकेदिस यांचे हक्काचे यश झाकणारा हा संदेश कृपया पुढे पाठवू नये.